विटं, सतरा अंश सोळा कला

परसात तुळशीपासून पाच पावलं सोडून
तिपाई उभी केली.
सारवलेली जमीन सपाट वाटते,
पाणसळ ठेवली की कळतं किती खोटं बोलते.
एका पायाखाली फरशीचा तुकडा,
दुसऱ्याखाली मोडका पाट,
तेव्हा कुठे बुडबुडा रेघांच्या मध्ये आला.

हातातल्या यंत्रानं विचारलं, गाव कोणतं?
यादीत मुंबई होती, पुणं होतं,
विटं नव्हतं.
त्याचं मला काही वाटलं नाही.
कोईमतूरच्या पेठेत गलाईच्या दुकानात
सव्वीस वर्षं हेच सांगत आलो:
सांगली बाजूचा.
या वेळी मात्र आकडे घातले.
उत्तर सतरा अंश, सोळा कला.
पूर्व चौऱ्याहत्तर, बत्तीस.
इतका नेमका पत्ता
मी मनीऑर्डरीवरसुद्धा कधी लिहिला नव्हता.

तारीख पाच नोव्हेंबर.
पाच घातले, मग अकरा.
यंत्र घरघरलं, पूर्वेला वळलं
आणि हिंदुरावच्या स्लॅबवरच्या
काळ्या टाकीवर जाऊन थांबलं.
म्हणालं, ही घ्या स्वाती.
तासभर मी टाकी पाहत होतो.
मग पुतण्या ऋतुराज फोनवर हसला,
"नाना, ते महिना आधी मागतं."
बिचाऱ्याच्या डोक्यात मे चालला होता
आणि मी त्याला शिव्या घालत होतो.

पुन्हा पहिल्यापासून.
इंग्रजी नावांपुढे मराठी नावं लिहिलेला ऋतुराजचा कागद,
टॉर्चच्या तोंडाला ताणून बांधलेला लाल फुगा.
व्हेगा म्हणजे अभिजित.
अभिजित मध्यभागी आणा, बटण दाबा.
आणणार कसा?
भिंतीपलीकडे हिंदुरावचे आठ माग,
खटक खटक खटक,
आणि भिंगात अभिजित
ताटलीतल्या पाऱ्यासारखा.

मालन आतून म्हणाली,
दुकान मोडलं त्या पैशात
तोळाभर तरी झालं असतं.
झालं असतं.
पण सोनं मी पुष्कळ पाहिलं,
लोकांचं, मुशीत, पाणी झालेलं.
डावा डोळा त्या भट्टीनंच धूसर केला.
तारे उजव्याच्या वाट्याला.

सव्वाआठला लाईट गेली.
माग अर्ध्या ठोक्यात थांबले,
गल्लीतला दिवा विझला,
हिंदुराव वीजमंडळाच्या नावानं ओरडला.
दुर्बीण चालूच. तिला माझ्या जुन्या
मोटारसायकलची बॅटरी.
अभिजित गपगार उभा.
दुसरा मीनास्य, दक्षिणेला,
लिंबाच्या शेंड्याच्या जरा वर.
बटण दाबलं.
यंत्र म्हणालं, जुळलं.

मी हंसाच्या चोचीतला तारा मागितला.
नळी आपली आपण फिरली,
शिलाई मशीन हळू चालवावं तशी,
आणि थांबली.

मालिका अर्ध्यावर बंद पडली म्हणून
मालन बाहेर आली, पदराला हात पुसत.
चष्मा कपाळावर सारून वाकली.
बराच वेळ बोलली नाही.
मला वाटलं, काही दिसत नसेल.
"दोन हायत."
"हां."
"एक सोन्यागत. बारकी हाय ती निळी."
मी कस लावणारा माणूस,
सवयीनं म्हणालो, बावीसचं असंल.
ती हसली नाही.
"एकमेकींपास्नं किती लांब?"
ते कागदावर नव्हतं.
मी म्हणालो, लई.
"कोईमतूरएवढं?"
डोळा न काढताच विचारलं तिनं.

मी लाल टॉर्च उगाच
एकदा लावला, एकदा विझवला.

मग लाईट आली.
पलीकडे एक माग, दुसरा,
मग सगळे.
"हलाय लागलं," मालन म्हणाली.
मी यंत्र बंद करायला हात नेला.
"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली,
"हलतंय, पर दिसतंय."